घोडागाडीचे कलम आणि मोटारीचा वेग

सकाळी वर्तमानपत्र उघडले की आतल्या पानावर एक बातमी जवळजवळ रोज भेटते. गाव बदलते, वाहन बदलते, मृताचे वय बदलते. मजकूर मात्र ठरलेला असतो. भरधाव वेगाने, हयगयीने आणि रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून वाहन चालवल्याबद्दल चालकावर गुन्हा दाखल. आपण हळहळतो आणि पान उलटतो. एकट्या २०२२ या वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर एक लाख अडुसष्ट हजारांहून अधिक माणसे मेली, असे केंद्र सरकारचीच आकडेवारी सांगते. म्हणजे दिवसाला साडेचारशेच्या वर. पण ‘गुन्हा दाखल’ या दोन शब्दांनंतर पुढे काय होते, कोणता कायदा लागतो, शिक्षा किती होते आणि ती तेवढीच का होते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. आज मला त्या दोन शब्दांमागचा इतिहास सांगायचा आहे. तो मोटारीपेक्षा जुना आहे.

गोष्ट सुरू होते १८३७ साली. लॉर्ड मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधी आयोगाने हिंदुस्थानसाठी एका फौजदारी संहितेचा मसुदा तयार केला. तो वीस वर्षांहून अधिक काळ कागदावरच राहिला. सत्तावनचा उठाव झाला, कंपनीचे राज्य गेले आणि मग १८६० साली भारतीय दंड संहिता मंजूर झाली. १ जानेवारी १८६२ पासून ती अमलात आली. तिच्यातले २७९ वे कलम सार्वजनिक रस्त्यावर वाहन हाकण्याविषयीचे होते. माणसाच्या जिवाला धोका होईल किंवा कुणाला इजा होण्याचा संभव असेल, अशा बेदरकारपणे किंवा हयगयीने जो कोणी वाहन हाकील किंवा घोड्यावरून जाईल, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे कलम लिहिले गेले तेव्हा रस्त्यावर काय होते ते डोळ्यांसमोर आणा. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ सालचे. त्यांच्या काळच्या मुंबईत बग्ग्या होत्या, शिग्राम होते, रेकले आणि बैलगाड्या होत्या. घोड्यांची ट्रामसुद्धा यायची होती, ती आली १८७४ साली. तेव्हा कायदा करणाऱ्यांच्या मनात जो गुन्हेगार होता, तो उधळलेल्या घोड्यांना आवर न घालणारा गाडीवान होता. आज द्रुतगती मार्गावरून ताशी दीडशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकावर पहिला गुन्हा लागतो तो याच गाडीवानासाठी लिहिलेल्या वाक्याखाली.

या कलमातली एक गोष्ट आवर्जून लक्षात घेण्यासारखी आहे. इथे कुणी मरावे लागत नाही, जखमीही व्हावे लागत नाही. धोका निर्माण केला, एवढे पुरते. ‘पण लागले कुठे कुणाला?’ असे पकडलेला चालक म्हणतो, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो बचावच नसतो. दुसरी गोष्ट दंडाची. १८६० साली एक हजार रुपये ही रक्कम ऐकून भल्याभल्यांना घाम फुटला असता. तो आकडा मात्र तिथेच थिजला. २०२३ साली नवी न्याय संहिता लिहिली गेली, कलमाचा क्रमांक २७९ चा २८१ झाला, आणि दंडाची मर्यादा एक हजार रुपयेच राहिली. आज मोटारीची टाकी भरायलाही तेवढे पैसे पुरत नाहीत.

आता माणूस मेला तर काय? आपल्याला वाटेल, याचे उत्तर तर पहिल्या दिवसापासून तयार असणार. तसे नव्हते. मेकॉलेंच्या मसुद्यात निष्काळजीपणाने होणाऱ्या मृत्यूविषयी कलम होते, पण १८६० च्या मंजूर संहितेतून ते गळले. तेव्हा संहितेत खून होता, सदोष मनुष्यवध होता, पण ज्याला कुणाला मारायचे नव्हते आणि तरी ज्याच्या हयगयीने माणूस गेला, अशासाठी स्वतंत्र जागा नव्हती. ही उणीव भरून निघाली १८७० साली, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदेविषयक सभासद असताना. कलम ३०४ च्या मागे ‘३०४ अ’ जोडले गेले. बातम्यांत आपण जे ‘३०४ अ’ वर्षानुवर्षे वाचत आलो, त्याच्या शेपटीचा ‘अ’ हा असा मागाहून आलेला आहे. शिक्षा ठरली दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

या वाक्यातला ‘किंवा’ फार महत्त्वाचा. दोन वर्षे ही शिक्षेची कमाल मर्यादा होती, किमान मर्यादा नव्हतीच. म्हणजे एका माणसाच्या मृत्यूबद्दल दोषी ठरलेल्याला न्यायालय नुसता दंड करूनही सोडू शकत होते. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत, पण जामीनपात्र. त्यामुळे चालकाला सायंकाळपर्यंत ठाण्यातून घरी जाता येई. ज्या घरातला माणूस सकाळी गेला, त्या घरातून अजून अंत्ययात्राही निघालेली नसे. लोकांच्या मनात या कायद्याविषयी जो राग साठला, त्याचे मूळ इथे आहे.

बेदरकारपणा आणि हयगय हे दोन शब्द आपण एकाच दमात उच्चारतो. न्यायालयांनी मात्र त्यांत फरक केला, आणि तोही मोटार येण्यापूर्वीच. १८८१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्ट्रेट यांनी इदू बेग खटल्यात त्याची जी व्याख्या केली ती आजही उद्धृत होते. आपण करतो आहोत ते धोक्याचे आहे हे कळत असूनही, काही होणार नाही अशा भरवशावर ते करणे हा बेदरकारपणा. आणि सामान्य समजूतदार माणसाने जी काळजी घेतली असती ती न घेणे, धोक्याचा विचारच मनात न येणे, ही हयगय. समोरून ट्रक येताना दिसत असूनही वळणावर पुढच्या गाडीला मागे टाकणारा बेदरकार. मागे न पाहता मोटारीचा दरवाजा उघडणारा आणि दुचाकीवाल्याला पाडणारा हयगयीचा दोषी.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी १९०२ साली यात आणखी एक सूत्र घातले. मृत्यू हा आरोपीच्या कृत्याचा थेट परिणाम असला पाहिजे. मध्ये दुसऱ्या कुणाची हयगय येता कामा नये. आरोपी तिथे नसता तर हे घडले नसते, एवढे म्हणणे पुरेसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने पुढे साठच्या दशकात मुंबईतल्याच एका रंगाच्या कारखान्यातल्या आगीच्या खटल्यात हे सूत्र उचलून धरले. या एका सूत्राने कितीतरी निरपराध चालक वाचले. अचानक रस्त्यावर धावत आलेल्या माणसाच्या मृत्यूसाठी नियमाने चालणाऱ्या चालकाला गुन्हेगार ठरवता येत नाही, ते यामुळेच. पण याच सूत्राच्या आडोशाने काही अपराधीही निसटले, हेही खरे.

मोटार मुंबईत आली ती १८९० च्या दशकाच्या अखेरीस. सुरुवातीला ती संस्थानिक, गोरे अधिकारी आणि मोजक्या धनिकांकडे होती. १९०७ साली विजेची ट्राम धावू लागली, १९२६ साली बस आली. मोटारीसाठी सगळ्या हिंदुस्थानला लागू होणारा कायदा झाला १९१४ साली. त्यानंतर १९३९ चा, आणि मग आज चालू असलेला १९८८ चा मोटार वाहन कायदा. तेव्हापासून रस्त्यावरच्या बेफिकिरीवर दोन कायदे जोडीने चालत आले आहेत. एक दंड संहिता, जी म्हणते की तू समाजाचा गुन्हेगार आहेस. दुसरा मोटार वाहन कायदा, जो परवाना, वेग, दारू, विमा, सिग्नल यांचे नियम घालतो. या दुसऱ्या कायद्याचे कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याविषयी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजारापासून पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड. लाल दिवा तोडणे, हातात मोबाइल धरून बोलणे, उलट दिशेने गाडी घालणे या गोष्टी आता धोकादायक वाहन चालवणे या व्याख्येत नाव घेऊन आलेल्या आहेत. आपण ज्याला ‘शॉर्टकट’ म्हणतो, त्याला कायदा काय म्हणतो ते यावरून कळावे.

दारूचेही तसेच. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला की कलम १८५ लागते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘मला चढतच नाही’ या फुशारकीला इथे काही किंमत नाही. कायदा माणसाचा तोल पाहत नाही, रक्ताचा अहवाल पाहतो.

शिक्षेच्या बाजूला एक दुसरा प्रवाहही वाहत होता, तो नुकसानभरपाईचा. पूर्वी मोटारीखाली सापडलेल्याच्या विधवेने दिवाणी दावा जिंकला तरी चालकाच्या खिशात काही नसे. म्हणून १९३९ च्या कायद्यात तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला गेला, आणि ती तरतूद १ जुलै १९४६ पासून अमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय झाली. इथे एक गोष्ट लोकांना नेहमी कोड्यात टाकते. फौजदारी न्यायालयात चालक निर्दोष सुटतो आणि न्यायाधिकरण त्याच अपघातासाठी भरपाई मंजूर करते. हे परस्परविरोधी नाही. कैदेत पाठवायचे तर गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. भरपाईसाठी कोणती बाजू अधिक संभवनीय आहे एवढे पाहिले जाते. तेव्हा खटला हरला म्हणून कुटुंबाने दाव्याचा नाद सोडू नये. आणि वाहनमालकानेही हे ध्यानात ठेवावे, की परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली, तर विमा कंपनी मृताच्या घरच्यांना पैसे देऊन तीच रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

आता फौजदारी खटल्यांकडे परत येऊ. ते का पडतात? एक उत्तर १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका ट्रकच्या खटल्यात दिले. ट्रक उलटून अनेक माणसे दगावली होती. साक्षीदारांनी सांगितले, गाडी फार वेगात होती. न्यायालय म्हणाले, वेग हा सापेक्ष शब्द आहे. फार वेग म्हणजे किती? कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वेळी, किती रहदारीत? नुसत्या ‘फार वेगात’ या शब्दांवरून हयगय गृहीत धरता येत नाही. चालक सुटला.

अनेकांना हा निकाल खटकतो. माझ्या मते तो पोलीस तपासासाठी घालून दिलेला धडा होता. पंचनाम्यात चाकांच्या घसरटीच्या खुणा मोजल्या का? रस्त्याची रुंदी, उजेड, वळण, धडकेची नेमकी जागा नकाशात दाखवली का? वाहनाची परिवहन अधिकाऱ्याकडून तपासणी झाली का, ब्रेक शाबूत होते की नाही याचा अहवाल आला का? रक्ताचा नमुना वेळेत घेतला का? हे सगळे नीट असेल तर साक्षीदाराने ‘भरधाव’ हा शब्द उच्चारला नाही तरी चालते. आणि हे काहीच नसेल तर तो शब्द शंभरदा उच्चारूनही उपयोग नसतो. आपल्या फिर्यादींत ‘भरधाव’ हा शब्द मुबलक असतो, मोजमाप मात्र अनेकदा नसते.

मग प्रश्न येतो शिक्षेचा. विधी आयोगाने १९७१ साली ३०४ अ ची शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवावी असे सुचवले. २००९ साली आयोगाने दहा वर्षे सुचवली. कायदा जागचा हलला नाही. दरम्यान २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दलबीरसिंग खटल्यात बजावले, की बेदरकार वाहन चालवून माणूस मारणाऱ्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची सवलत देऊ नये. पकडलो गेलो तरी तुरुंग टळेल, असा हिशेब कुणी मनात धरू नये. २०१५ साली पंजाबातल्या एका खटल्यात तर उच्च न्यायालयाने दोघांचा बळी घेणाऱ्या चालकाची शिक्षा, त्याने भरपाई दिली म्हणून, चोवीस दिवसांवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिने केली आणि या कलमाच्या शिक्षेचा संसदेने फेरविचार करावा असे सुचवले.

कायदा बदलत नव्हता, तेव्हा न्यायालयांनी दुसरी वाट शोधली. ती वाट दोन खटल्यांतून गेली, एक दिल्लीचा आणि एक आपल्या मुंबईचा. दोन्ही वाटांच्या टोकाशी एकच प्रश्न होता: चाक हातात असताना चालकाला काय ठाऊक होते?

दिल्लीची घटना १० जानेवारी १९९९ ची. लोधी कॉलनीत पहाटे एका महागड्या परदेशी मोटारीने सहा जणांना चिरडले; त्यांत तीन पोलीस होते. मुंबईची घटना १२ नोव्हेंबर २००६ ची. वांद्र्याच्या कार्टर रोडवर रस्त्याचे काम चालू होते. ते काम करणारे मजूर पदपथावरच तात्पुरत्या झोपड्यांपुढे झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास एक मोटार पदपथावर चढली. सात मजूर मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्यार्काचे प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त निघाले.

सत्र न्यायालयाने एप्रिल २००७ मध्ये कार्टर रोडच्या चालकाला ३०४ अ खाली दोषी धरले आणि सहा महिने साधी कैद व पाच लाख रुपये दंड ठोठावला. सात माणसे आणि सहा महिने. मुंबईत संताप उसळला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, राज्य सरकारनेही अपील केले. सप्टेंबर २००७ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की ही हयगय नव्हे, हा सदोष मनुष्यवध आहे. कलम ३०४ चा दुसरा भाग. त्याची कमाल शिक्षा दहा वर्षे, गुन्हा अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात. चालकाला तीन वर्षे सक्तमजुरी झाली.

हा फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळा कायदा इथे एका शब्दावर तोललेला आहे. तो शब्द आहे जाणीव. समजा एक जिना आहे. सर्वांत खाली निव्वळ अपघात; पुरेशी काळजी घेऊनही घडलेला, त्यात गुन्हा नाही. वरची पायरी हयगयीची. त्यावर बेदरकारपणाची. या दोन पायऱ्यांपर्यंत ३०४ अ. त्याच्या वर जाणिवेची पायरी: आपल्या या कृत्याने माणूस मरण्याचा संभव आहे हे कर्त्याला ठाऊक होते. तिथे सदोष मनुष्यवध सुरू होतो. सर्वांत वर हेतू, म्हणजे खून. दारू पिऊन, रात्री, वस्तीच्या रस्त्यावर, वेगाने मोटार हाकणाऱ्याला आपण कुणाचा जीव घेऊ शकतो हे ठाऊक नव्हते, असे कसे म्हणावे? बचाव पक्षाने सर्वोच्च न्यायालयात म्हटले की एकाच कृत्यात हयगयही आणि जाणीवही, असे दोन्ही आरोप कसे चालतील? १२ जानेवारी २०१२ रोजी न्यायालयाने उत्तर दिले, चालतील. बेदरकार कृत्य जाणिवेने केलेलेही असू शकते. तीन वर्षांची शिक्षा फारच तोकडी आहे, असेही न्यायालय म्हणाले. पण ती वाढवून मागण्यासाठी राज्य सरकारने अपीलच केले नव्हते, म्हणून ती तशीच राहिली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध कायम केला, मात्र आरोपीने आधीच भोगलेली कैद पुरेशी मानून पन्नास लाख रुपये आणि दोन वर्षे समाजसेवा अशी भर घातली. घटनेपासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षे गेली होती. तत्त्व जिंकले, पण वेळेने शिक्षेची धार घालवली होती.

एक इशाराही द्यायला हवा. या दोन निकालांमुळे प्रत्येक अपघातात ३०४ चा दुसरा भाग लागतो असे नाही. हल्ली मोठी बातमी झाली की जमाव ठाण्यासमोर येतो आणि तेच कलम लावा म्हणतो. पोलीसही दबावाखाली ते लावतात. पण जाणीव सिद्ध करावी लागते, आणि नुसता मृतांचा आकडा मोठा असल्याने ती सिद्ध होत नाही. सिद्ध न झालेले मोठे कलम हे सिद्ध झालेल्या लहान कलमापेक्षा दुबळे.

२०२३ साली अखेर कायदा हलला. भारतीय न्याय संहिता आली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्या तारखेपूर्वीच्या घटनांना जुनाच कायदा लागतो. नव्या कलम १०६ मध्ये हयगयीने मृत्यूची कमाल शिक्षा पाच वर्षे झाली. १९७१ च्या शिफारशीला बावन्न वर्षे लागली. त्याहून महत्त्वाचे, जुना ‘किंवा’ जाऊन तिथे ‘आणि’ आला. आता कैदही आणि दंडही. नुसत्या दंडावर सुटका नाही. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात, माणूस मारून पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली होती. जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशी ट्रकचालकांनी चाके थांबवली. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. चालकांचे म्हणणे असे, की थांबलो तर जमाव जिवे मारतो. या भीतीत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही, कारण खुद्द मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ हे जाणते. जखमीला मदत करणे चालकाचे कर्तव्य आहे, पण जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर सूट आहे, असे ते सांगते. सरकारने तो दुसरा भाग बाजूला ठेवला आणि १ जुलै रोजी बाकीची संहिता त्याच्याविना अमलात आली.

त्याआधी दीड महिना, १९ मे २०२४ च्या पहाटे, पुण्यात कल्याणीनगरला एका मोटारीच्या धडकेने दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप होता. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला आणि अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. त्या निबंधाने साऱ्या देशाची झोप उडवली. त्यानिमित्ताने २०१९ मध्ये आलेले एक कलम लोकांना प्रथमच माहीत झाले. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. मला ठाऊक नव्हते किंवा मी पुरेशी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत शिकाऊ परवानाही नाही. दहावीच्या निकालाची बक्षिसी म्हणून किल्ली हातात देणाऱ्या आईबापांनी हे एकदा वाचावे.

दीडशेहून अधिक वर्षांच्या या इतिहासातून मला दिसते ते एवढेच. प्रत्येक मोठ्या अपघातानंतर आपण शिक्षेच्या वर्षांवर भांडलो. दोन की पाच, पाच की दहा. पण दोन वर्षांची शिक्षाही पुष्कळदा झाली नाही, ती वर्षे कमी होती म्हणून नव्हे. मोजमाप नव्हते, नमुना उशिरा घेतला, साक्षीदार फिरला किंवा आलाच नाही, आणि तारखांमध्ये वर्षे गेली म्हणून. कार्टर रोडवर मेले ते रस्ता बांधणारे मजूर. अशांचे साक्षीदारही अशांपैकीच असतात. काम संपले की दुसऱ्या गावाला जाणारे. समन्स जुन्या पत्त्यावर जाते आणि परत येते. आणि जो पक्का पत्ता असलेला, शिकलासवरलेला माणूस तिथे उभा होता, तो ‘नको पोलिसांचे लफडे’ म्हणून निघून गेलेला असतो.

त्या भीतीलाही आता आधार उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्या नागरिकाला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ मध्ये ती कायद्यातच आली. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, अडकवून ठेवता येत नाही. साक्ष द्यायची तर ती स्वखुशीने.

स्वखुशीने, हा शब्द मी मुद्दाम शेवटाला ठेवला आहे. कलम १८६० चे असो की २०२३ चे, ते कागदावर असते. ते न्यायालयात उभे राहते ते कुणीतरी येऊन शपथेवर सांगते तेव्हा: मी तिथे होतो, दिवा लाल होता, गाडी पदपथावर चढली, आणि चालवणारा हाच होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)